लघवीतील साक्षीदार

मूत्रपिंडाचा विकार बहुधा दुखत नाही. चेहरा आणि पाय सुजेपर्यंत रोगी कामावर जातच असतो. त्यामुळे या रोगाचा पुरावा लघवीत शोधावा लागतो. लंडनच्या गायज् रुग्णालयातील डॉ. रिचर्ड ब्राइट यांनी १८२७ साली सूज आलेल्या रोग्यांविषयीची आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. त्यांची लघवी तापवली असता, अंड्याचा पांढरा भाग शिजताना गोठतो तशी ती गोठे. मृत्यूनंतर त्यांची मूत्रपिंडे बिघडलेली आढळत.

सूक्ष्मदर्शकाने पुढची उकल केली. लघवीचा नमुना यंत्रात वेगाने फिरवला की जड कण तळाशी बसतात. त्या गाळाचा एक थेंब काचपट्टीवर घेतात. त्यात रक्तपेशी दिसल्या, तरी रक्त आले कुठून हा खरा प्रश्न असतो. मुतखड्यामुळे किंवा मूत्राशयातून आलेल्या तांबड्या पेशी बहुधा गोल असतात. मूत्रपिंडाच्या सूक्ष्म गाळणीतून पिळवटून आलेल्या पेशी वेड्यावाकड्या, फुगवटे आलेल्या दिसतात. याहून बोलका पुरावा म्हणजे ‘कास्ट’. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख गाळण्या असून प्रत्येकीला बारीक नलिका जोडलेली असते. नलिकेत प्रथिन गोठते आणि कुल्फी जसा साच्याचा आकार घेते, तसा नलिकेचा आकार घेऊन बाहेर पडते. त्यात तांबड्या पेशी अडकलेल्या दिसल्या, तर रक्तस्राव मूत्रपिंडातच होत आहे आणि गाळणीला दाह झाला आहे, असे समजावे. असा दाह कधी काही आठवड्यांतच मूत्रपिंड निकामी करतो. अशा वेळी उपचाराला उशीर परवडत नाही. पांढऱ्या पेशींचा कास्ट बहुधा जंतुसंसर्ग सुचवतो. नितळ कास्ट मात्र धडधाकट माणसातही, विशेषतः श्रमानंतर, आढळतो. त्याला घाबरण्याचे कारण नाही.

हे साक्षीदार फार वेळ टिकत नाहीत. नमुना तासन्‌तास पडून राहिला तर कास्ट विरघळतात. म्हणून प्रयोगशाळेत ताजी लघवी मागतात; ती मागणी उगाच नसते.

एवढ्याने उलगडा झाला नाही, तर सुईने मूत्रपिंडाचा धाग्याएवढा तुकडा काढून तपासतात. या पद्धतीचे वर्णन कोपनहेगनचे इव्हर्सन आणि ब्रुन यांनी १९५१ मध्ये प्रसिद्ध केले. मुलांना सूज आणणाऱ्या एका सामान्य विकारात हा तुकडा साध्या सूक्ष्मदर्शकाखाली जवळजवळ निरोगी दिसतो. गाळणीवरील पेशींचे चपटे झालेले पाय इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकच दाखवतो. सुदैवाने यातील बहुतेक मुले स्टेरॉइड औषधाने बरी होतात. काहींची सूज मात्र पुन्हा उलटते.