कुप्याची इयत्ता कोणती?

हिंदी महासागरातला पिवळ्या परांचा कुपा, म्हणजे यलोफिन ट्यूना, 2015 साली लाल रकान्यात गेला: साठा घटलेला आणि वर उपसाही जास्त. 2024 च्या मूल्यांकनात तो थेट हिरव्यात आला. 'कुपा सावरला' असं म्हणायचा मोह होतो खरा. पण दरम्यान गणितातल्या नोंदी आणि गृहीतकंही बदलली होती. मासे किती वाढले आणि हिशेब किती सुधारला, हे वेगळं काढणं अवघड. त्यातून या महासागरातली निम्म्याच्या आसपास ट्यूना छोटे मच्छीमारच पकडतात, म्हणजे हिशेबाच्या वह्या हजारो होड्यांवर विखुरलेल्या.

थंड समुद्रातल्या माशाचं वय त्याच्या कानातल्या खड्यावर लिहिलेलं असतं. हिवाळ्यात वाढ मंदावते, झाडासारखं वलय उमटतं. उष्ण कटिबंधात तसा हिवाळाच नाही, त्यामुळे वर्षाची वलयं वाचणं बरंच अवघड जातं. सोपा मार्ग उरतो मोजपट्टीचा. तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या बेचक्यापर्यंत मासा मोजायचा आणि आकडा लिहायचा.

डेन्मार्कच्या योहानेस पीटरसन यांनी 1890 च्या दशकात हीच युक्ती वापरली होती. समजा, शाळेत प्रार्थनेला उभ्या मुलांच्या उंच्या मोजल्या, तर इयत्ता न विचारताही पहिली, दुसरी, तिसरीचे गठ्ठे दिसतात. प्रवेश जूनमध्येच होतात ना! सगळ्या उंच्या कागदावर मांडल्या की वाढीचा वेग कळतो आणि वरच्या वर्गांत मुलांची संख्या किती रोडावली तेही. 1980 च्या सुमारास मनिलात डॅनियल पॉली यांनी त्यावरून 'एलेफान' हा संगणकीय कार्यक्रम रचला. महागडं संशोधन जहाज नसलेल्या देशातल्या संशोधकाच्या हाती पट्टी आणि छोटा संगणक, एवढ्यावर काम भागवणारी ही पद्धत मला फार लोभस वाटते.

पण ट्यूनाच्या शाळेत प्रवेश बारा महिने चालू. उष्ण पाण्यातली स्किपजॅक ही ट्यूना वर्षभर अंडी घालते, गठ्ठे एकमेकांत मिसळतात. यलोफिनची तऱ्हा आणखी वेगळी. तो साधारण मीटरभर झाला की वयात येतो. स्किपजॅकच्या थव्यात मिसळून छोट्या होडीच्या गळाला लागतो तो बहुधा त्याहून बराच लहान. दहावीतली मुलं रांगेत नाहीत, म्हणजे ती गेली की दुसऱ्या इमारतीत बसली आहेत? मोठा यलोफिन खोल पाण्यात, दुसऱ्याच बोटींच्या दोरीला लागतो. केवळ टोपली पाहून साठा संपल्याचा निकाल देणारा आलेख मी तरी दोनदा तपासेन.

म्हणून मला खरे नायक वाटतात ते मालदीवच्या बेटांवरचे कारकून. तिथे 1959 पासून होडीने आणलेले मासे चक्क नगावर मोजून वहीत लिहिले जात. वजन नंतर सरासरीने काढायचं. इतकी जुनी वही छोट्या मासेमारीत विरळाच. तीही निर्दोष नाही म्हणा. 'एका होडीचा एक दिवस' हे तिचं माप. 1974 पासून शिडाच्या धोणींवर, म्हणजे तिथल्या होड्यांवर, इंजिनं बसू लागली, मग समुद्रात मासे गोळा करणारे तरंगते तराफे नांगरले गेले. होडी तीच, दिवस तोच, पण आवाका कितीतरी पट. समुद्रात मासे घटत असले, तरी दिवसाची पकड पूर्वीइतकीच दिसू शकते.

आपल्या लक्षद्वीपमधल्या मिनिकॉयला याच्या उलट गंमत. तिथे लगूनमधले छोटे चंदेरी मासे आधी जिवंत धरतात. थवा दिसला की ते मूठमूठ समुद्रात फेकतात, वर पाण्याचा फवारा मारतात. पृष्ठभाग खळबळतो आणि बिनकाट्याच्या गळाला लागलेली स्किपजॅक एकामागून एक होडीत येऊन आपटते. लगूनमध्ये हा चाराच मिळाला नाही, तर होडी निघतच नाही. बाहेर स्किपजॅक भरपूर असेलही. वहीत त्या दिवशी शून्य लिहायचं, की तो दिवसच गाळायचा?