अबोल लेकरू आणि बोलके यंत्र

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. संध्याकाळची जपमाळ आटोपून मी चर्चचे दार लावीत होतो, इतक्यात एक माउली आपल्या तेरा वर्षांच्या मुलाला घेऊन पायरीवर उभी राहिली. मुलगा छत्रीच्या दांड्याकडे पाहत होता. आईने विचारले :

"फादर, ह्या पोराचं काय करू सांगा. शाळेतनं आलं की कोपरा धरतंय. पाहुणे आले की माडीवर जातंय. बाई म्हणतात, ह्याला चारचौघांत मिसळायला शिकवा, नाहीतर पुढं नोकरी कोण देणार? ह्याच्यात काही दोष आहे काय?" मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "मोबाईल हातात दिला की मात्र काही त्रास नाही. म्हणून ह्याच्या बाबांनी नवा घेऊन दिलाय."

ती घरी गेली, पण तिचे शब्द माझ्या मनात घोळत राहिले. आजच्या युगाने शांत स्वभावाच्या माणसावर जो दुहेरी आघात केला आहे, तो त्या मातेने नकळत पूर्ण सांगितला होता. जग प्रथम त्या मुलाच्या शांतपणाला दोष म्हणते. आणि मग त्या दोषावर औषध म्हणून त्याच्या हाती एक यंत्र देते. ह्या दोन्ही गोष्टींचा विचार आपण कुटुंबवत्सल लोकांनी करणे अगत्याचे आहे.

अंतर्मुख म्हणजे कोण?

'अंतर्मुख' आणि 'बहिर्मुख' हे शब्द आज सर्वांच्या तोंडी आहेत. मानसशास्त्रात त्यांना रूढ केले ते स्वित्झर्लंडमधील कार्ल युंग ह्यांनी. हे एका प्रॉटेस्टंट पाळकाचे पुत्र. १९२१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी असे मांडले, की काही माणसांच्या मनाची शक्ती बाहेरच्या व्यक्ती व वस्तूंकडे धाव घेते, तर काहींची आतल्या विचारांकडे वळते. कोणीही मनुष्य केवळ एकाच प्रकारचा नसतो, आणि दोहोंपैकी कोणताही प्रकार म्हणजे आजार नव्हे.

पुढे अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक जेरोम केगन ह्यांनी अवघ्या चार महिन्यांच्या अर्भकांचा अभ्यास केला. त्यांच्यापुढे रंगीत खेळणी हलविली, त्यांना अनोळखी आवाज ऐकविले. पाचांतील सुमारे एक अर्भक हातपाय झाडून रडू लागे. वाचकांना वाटेल की हीच मुले पुढे धीट व बडबडी झाली असतील. झाले उलटे! मोठेपणी अनोळखी माणसांपुढे सावध आणि गप्प राहणारी मुले ह्याच गटात अधिक आढळली. सगळीच तशी झाली नाहीत, कारण घर आणि संगोपन ह्यांचाही वाटा असतो. पण बोध स्पष्ट आहे. जे मूल बाहेरून शांत दिसते, त्याच्या आत जग कमी नव्हे, तर अधिक जोराने शिरत असण्याचा संभव आहे. म्हणून लग्नाच्या मांडवातून ते लवकर थकून येते, आणि त्याला काही काळ स्वस्थ बसावेसे वाटते.

ह्यास्तव तीन गोष्टींची गल्लत करू नये. अबोल असणे निराळे, भित्रे असणे निराळे आणि दुःखी असणे निराळे. अबोलाला एकांत आवडतो. भित्र्याला माणसे हवी असतात पण धीर होत नाही. दुःखी माणसाला तर काहीच नकोसे होते. तिघांनाही 'घुमा' हे एकच नाव देणे हा आपला आळस होय.

जग एवढे बोलके कसे झाले?

पूर्वीच्या गावात मनुष्याला स्वतःची ओळख करून द्यावी लागत नसे. त्याचा आजा कोण, त्याचा शब्द कसा, उसने घेतलेले तो परत करतो की नाही, हे सर्वांस ठाऊक असे. शहरे वाढली आणि माणूस अनोळखी लोकांत जाऊन पडला. तेथे पाच मिनिटांत छाप पाडणे भाग झाले. अमेरिकन इतिहासकार वॉरेन ससमन ह्यांनी ह्या बदलाचे वर्णन असे केले आहे, की विसाव्या शतकाच्या आरंभी लोकांचा आदर्श 'चारित्र्य' हा होता तो बदलून 'व्यक्तिमत्त्व' हा झाला. त्याच काळात, १९१२ साली, मिसूरी प्रांतातील एका शेतकऱ्याचा मुलगा डेल कार्नेगी न्यूयॉर्कमध्ये भाषणकलेचे वर्ग घेऊ लागला. लोकांना आपलेसे कसे करावे हे शिकविणारे त्याचे पुस्तक १९३६ साली निघाले आणि जगभर खपले. त्यातील पुष्कळ सल्ला चांगलाच आहे. परंतु त्या वाटेने जाता जाता जग असे मानू लागले, की ज्याला बोलता येते तोच हुशार.

आता ते वारे आपल्या गावांतही आले आहे. मुलाखत, गटचर्चा, स्नेहसंमेलन, सणाच्या दिवशी छाती हादरविणारा डी.जे., सकाळी उठल्याबरोबर मोबाईलवर लावावयाचे स्टेटस! सर्वत्र एकच मागणी : दिसा, बोला, गाजा. 'उथळ पाण्याला खळखळाट फार' ही म्हण सांगून मी बोलक्या माणसांवर अन्याय करणार नाही. पुष्कळ बोलकी माणसे मनाने खोल आणि उदार असतात. पण विहिरीने ओढ्यासारखे वाहावे, असा हट्टही कोणी धरू नये.

हा हट्ट मी स्वतः एकदा धरला, हे कबूल केले पाहिजे. काही वर्षांपूर्वी चर्चच्या सणाला धर्मशिक्षणाच्या वर्गातील एका अबोल मुलीला मी आग्रहाने भाषणास उभे केले. 'तिची भीड मोडेल' असा माझा हेतू. माईकपुढे तिला शब्द फुटेना. मांडवात कोणी हसले, आणि मी 'बोल, बोल' म्हणत राहिलो. पुढचे तीन रविवार ती वर्गाला आली नाही. मी तिच्या घरी गेलो, तेव्हा ती आपल्या आंधळ्या आजीला शुभवर्तमान वाचून दाखवीत होती. आवाज स्पष्ट, उच्चार शुद्ध. मी दारातच थांबलो. त्या मुलीजवळ वाणी होती. मी तिच्यासाठी निवडलेली जागा चुकली होती.

यंत्राची दोन तोंडे

यंत्र अबोलाचे शत्रूच असते, असे नाही. पुस्तक हे अबोलाचे पहिले मोठे साधन. संत ऑगस्टीन ह्यांनी लिहून ठेवले आहे, की मिलानचे बिशप संत अँब्रोज ओठ न हलविता, मनातल्या मनात वाचीत बसत, आणि पाहणाऱ्यांना त्याचे नवल वाटे. पुस्तकाने मनुष्याला गर्दीतही एकांत दिला. पत्रानेही तेच केले. तोंडाने जे सांगता येत नाही ते सावकाश लिहिता येऊ लागले. आजही दूरच्या मुलाला आईची आठवण मोबाईलवर दोन ओळींत लिहून कळविता येते, हा मोठाच उपकार आहे.

मग बिघडते कोठे? अमेरिकेतील पिट्सबर्ग शहरात रॉबर्ट क्रॉट व त्यांच्या सहकाऱ्यांनी इंटरनेट नुकतेच घरात आलेल्या ७३ कुटुंबांतील १६९ व्यक्तींचे निरीक्षण केले व १९९८ साली निष्कर्ष छापले. इंटरनेटच्या अधिक वापराबरोबर घरच्यांशी बोलणे थोडे कमी आणि एकटेपणा थोडा अधिक झालेला दिसला. २००२ साली त्यांनी पुन्हा लिहिले, की पहिले बहुतेक दुष्परिणाम काळाने ओसरले आहेत. परंतु एका नव्या पाहणीत बहिर्मुखांना इंटरनेटचा लाभ झालेला दिसतो, तर अंतर्मुखांची स्थिती त्याच्या वापराने काहीशी खालावलेली दिसते. म्हणजे ज्याच्या घरी धान्य आहे त्याच्याच कणगीत भर पडली. ही पाहणी आजच्या मोबाईलपूर्वीची आहे आणि तीवर सर्व भार टाकता येणार नाही. तरी तिने दाखविलेला धोका खरा वाटतो.

कारण पाहा. अबोल मुलाला कशाची गरज असते? लोकांच्या नजरेपासून थोड्या विसाव्याची. तो कोपऱ्यात बसतो तो त्यासाठीच. पण हातात मोबाईल असला, तर तो कोपरा कोपरा राहत नाही. त्या चार बोटांच्या काचेत सबंध बाजार भरलेला असतो. कोणी काय घातले, कोणी कोणाला हसले, आपल्या चित्राला किती जणांनी पसंती दिली, ह्याचा हिशेब अखंड चालू. आईला वाटते, मुलगा शांत बसला आहे. पण त्याचे मन गर्दीत उभे असते. त्याला माणसांची सोबतही मिळत नाही आणि एकांतही मिळत नाही. एकांत आणि एकटेपणा ह्यांत हाच भेद आहे. एकांतातून मनुष्य भरून परत येतो. एकटेपणातून रिता होऊन.

परमेश्वराच्या घरी अबोलांचे स्थान

पवित्र शास्त्र उघडून पाहा. मोशेने आपण बोलण्यात जड आहोत अशी सबब सांगितली. परमेश्वराने त्याची निवड रद्द केली नाही. त्याच्या जोडीला भाऊ अहरोन दिला. संत योसेफाच्या तोंडचा एकही शब्द शुभवर्तमानात नाही. आहे ती केवळ आज्ञा ऐकून तत्काळ उठणारी त्याची कृती. प्रभू येशू स्वतः लोकसमुदायाला शिकवी, मेजवानीला जाई, आणि पहाटे अंधारात उठून एकांत स्थळी प्रार्थनेलाही जाई.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्विनास ह्यांना सोबतचे विद्यार्थी 'मुका बैल' म्हणून चिडवीत. त्यांचे गुरू संत आल्बर्ट ह्यांनी ते मौन ओळखले, म्हणून ख्रिस्तसभेला एवढा आचार्य लाभला. लिझ्यूची संत तेरेसा लहानपणी अतिशय हळवी व बुजरी होती. पंधराव्या वर्षी, १८८८ साली, ती कार्मेल मठात गेली आणि १८९७ साली तेथेच वारली. मठाबाहेर ती मिशन कार्यास कधी गेली नाही. दोन मिशनरी बंधूंसाठी तिने प्रार्थना केली व त्यांना पत्रे लिहिली. १९२७ साली पोप अकरावे पायस ह्यांनी तिला मिशन कार्याची आश्रयदाती म्हणून घोषित केले! आणि २०१२ च्या जागतिक संपर्कमाध्यम दिनाच्या संदेशासाठी पोप सोळावे बेनेडिक्ट ह्यांनी 'मौन आणि शब्द' हाच विषय निवडला. दोन्ही एकमेकांस हवेत. मौनाशिवाय शब्द पोकळ होतो, असा त्याचा आशय.

घरात काय करावे?

पाहुण्यांपुढे मुलाला 'घुमा' म्हणू नका. मुले नावाप्रमाणे घडतात. चौकशी करावयाची तर चारचौघांत नको. शेताच्या वाटेवर, भांडी घासताना, शेजारी चालत करा. अबोल मूल समोरासमोर गप्प बसते, पण बरोबर काम करताना बोलते. दहा मित्रांचा आग्रह नको, एक पुरे. मोबाईलला वेळ ठरवून द्या, आणि रात्री तो अंथरुणात नको. जपमाळेच्या वेळी घरातील सर्व मोबाईल एका टोपलीत ठेवा, बाबांचाही.

मात्र शांत स्वभाव ही कर्तव्यातून सुटका नव्हे. आल्यागेल्यास नमस्कार करणे, आजाऱ्याला भेटणे, अन्याय दिसता एक खरा शब्द बोलणे, हे अबोलालाही चुकत नाही. प्रीती तेवढे मागतेच. आणि आणखी एक. हसतेखेळते मूल एकाएकी गप्प झाले, जेवण-झोप सोडू लागले, जगणे नकोसे झाल्याचे बोलू लागले, तर त्याला स्वभाव म्हणू नका. त्याला विनाविलंब डॉक्टरांकडे न्या, आणि त्याला एकटे ठेवू नका.

त्या माउलीला मी एवढेच सांगितले, की "बाई, मुलात दोष नाही. शनिवारी संध्याकाळी तासभर त्याला माझ्याकडे पाठवा, आणि मोबाईल घरी ठेवा." तो येऊ लागला. वेदीवरचे कापड बदलतो, मेणबत्त्या पुसून ठेवतो. चार शनिवार एक शब्द नाही. पाचव्या शनिवारी त्याने विचारले, "फादर, पवित्र साक्रामेंताजवळचा दिवा रात्रीपण कशाला ठेवायचा? तेव्हा तर कोणी नसतंय."

मी म्हणालो, "प्रभू असतो ना."

त्याने मान हलविली आणि पुन्हा कामाला लागला. तो प्रश्न चार आठवडे त्याच्या मनात असला पाहिजे. आपल्या घरांतील अबोल लेकरांच्या मनांत असे किती प्रश्न आपली वाट पाहत असतील! ते ऐकण्याइतके शांत होण्याची कृपा संत योसेफ आपल्याला मिळवून देवो.