घराचा पत्ता आणि देवडीवरील कारकून

केसाएवढा बारीक काचेचा तंतू आज सामान्य गृहस्थाच्या दारापर्यंत येऊन पोहोचला आहे. घरातून बाहेरचे जग पाहण्यास त्याने काहीच अडचण पडत नाही. अडचण पडते ती बाहेरून घरात येताना. बेळगावातील एखाद्या हिशेबनीसाला घरच्या संगणकावरील वह्या परगावाहून उघडावयाच्या असल्या, म्हणजे कोणी त्याला 'स्थिर पत्ता घ्या' असे सांगतो, तर कोणी 'राउटर ब्रिज मोडवर टाका' असे सुचवितो. हे दोन्ही उपाय एकच समजण्याची चूक सर्रास होते. त्यात पैसा व्यर्थ जातो आणि प्रसंगी घरही उघडे पडते.

इंटरनेटवरील प्रत्येक पत्त्याला आयपी पत्ता म्हणतात. जुन्या पद्धतीचे असे पत्ते सुमारे ४२९ कोटीच आहेत, आणि मध्यवर्ती साठ्यातील अखेरचे मोठे गट फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपले. या टंचाईवर तोड म्हणून एका वाड्याला एकच पत्ता देण्याची रीत पडली. वाड्यातील बिऱ्हाडांना '१९२.१६८'ने सुरू होणारे, केवळ आतल्या आत चालणारे क्रमांक मिळतात. देवडीवर बसलेला कारकून म्हणजे राउटर. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पत्राची तो नोंद ठेवतो आणि उत्तर आले की ज्याचे त्याला पोहोचवितो. परंतु न मागता आलेले पत्र कोणत्या बिऱ्हाडाचे, हे त्याला कळत नाही. ते तो परत लावतो.

पत्ते फारच अपुरे पडू लागल्यावर पुष्कळ कंपन्यांनी आपल्या वेशीवरही असाच एक कारकून बसविला. अनेक ग्राहकांचा बाहेरचा पत्ता मग एकच असतो. यासाठी १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे क्रमांक २०१२ मध्ये राखून ठेवण्यात आले. राउटरच्या माहितीपानावर बाहेरच्या बाजूचा पत्ता या मर्यादेत किंवा १० ने सुरू होणारा दिसला, तर घर वेशीच्या आत आहे असे समजावे.

स्थिर पत्ता घेणे म्हणजे कंपनीकडून स्वतःचा, न बदलणारा सार्वजनिक पत्ता मागून घेणे. त्यासाठी बहुधा जादा आकार पडतो. ब्रिज मोडचे कार्य निराळे आहे. कंपनीची पेटी दोन कामे करते: प्रकाशाच्या संकेतांचे विजेच्या संकेतांत रूपांतर, आणि देवडीवरचे कारकुनी काम. ग्राहकाने स्वतःचा राउटर तिला जोडला, की एका दारावर दोन कारकून बसतात आणि बाहेरून येणारे पत्र पहिल्यापाशीच अडते. ब्रिज मोडमध्ये पहिला कारकून उठतो. पेटी फक्त रूपांतर करते. मात्र वेशीवरचा कारकून तेथेच राहतो. म्हणून सार्वजनिक पत्ता नसताना केवळ ब्रिज मोडने बाहेरची वाट मोकळी होत नाही.

हा बदल करण्यापूर्वी जोडणीचे नाव, परवलीचा शब्द आणि कंपनीने ठरविलेला व्हीलॅन क्रमांक विचारून घ्यावा. ही माहिती पुढे स्वतःच्या राउटरमध्ये भरावी लागते. पेटीला लावलेला दूरध्वनी चालू राहील किंवा कसे, हेही पुसावे.

देवडीवरचा कारकून हा नकळत पहारेकरीही असतो, हे विसरू नये. २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या घातक प्रणालीने कारखान्यातील मूळ परवलीचे शब्द तसेच राहिलेले असंख्य कॅमेरे व राउटर ताब्यात घेतले, आणि त्यांच्या बळावर २१ ऑक्टोबर रोजी मोठमोठी संकेतस्थळे काही तास बंद पाडली. उपकरणांच्या मालकांना त्याचा पत्ताही नसावा! म्हणून ब्रिज केलेल्या पेटीस संगणक थेट जोडू नये, मधे राउटर असावाच. मूळ परवलीचे शब्द बदलावेत, आणि बाहेरून येण्यासाठी व्हीपीएनसारखा एकच बंदिस्त मार्ग ठेवावा.

पुष्कळ घरांना या दोहोंची जरुरी नसते. आजचे बहुतेक घरगुती कॅमेरे उत्पादकाच्या मध्यस्थ संगणकामार्फत दिसतात. ज्याला खरोखर गरज आहे, त्याने आधी पत्त्याची चौकशी करावी, मग पेटीला हात लावावा. दार उघडण्यापूर्वी ते कोणासाठी उघडावयाचे हे ठरविणे, हे घरधन्याचे पहिले कर्तव्य होय.