खेळातले नाणे आणि खिशातला रुपया

महोत्सवी स्मरणिकेत कोषाध्यक्षाने न्यासाच्या जमाखर्चाचा आढावा द्यावा, असा आपल्याकडे प्रघात आहे. तो आढावा पुढील पानांवर आहेच. येथे मला एका अशा रकमेविषयी लिहावयाचे आहे, की जी कोणत्या सदरी मांडावी हे, बँकेत तेहतीस वर्षे वह्या तपासून झाल्यावरही, मला चटकन सुचले नाही.

गेल्या वर्षी पुस्तक-साहाय्य निधीतून एका विद्यार्थ्यास ६,००० रुपये देण्यात आले. नियमाप्रमाणे दोन महिन्यांत पुस्तकांच्या पावत्या यावयाच्या. पावत्या आल्या नाहीत. विद्यार्थी मात्र आला, आणि पावतीऐवजी त्याने मोबाइलच्या पडद्यावरचे एक चित्र माझ्यापुढे धरले. बंदुकांच्या लढाईचा जो खेळ हल्ली घरोघरची मुले खेळतात, त्यातले एक जुने, उत्तम शस्त्रांनी व पोशाखांनी भरलेले खाते (मुलांच्या भाषेत 'आयडी') त्याने त्या सहा हजारांस विकत घेतले होते. ते नऊ हजारांस विकावे, सहाची पुस्तके घ्यावी व तीन हजार आईच्या हाती द्यावे, असा त्याचा बेत. यापूर्वी पाचशे-सातशेचे दोन सौदे त्याला फळलेही होते. या खेपेस मात्र चौथ्या दिवशी विकणाऱ्याने 'पासवर्ड विसरलो' असे कंपनीस कळवून, खाते उघडताना दिलेल्या मूळ ईमेलच्या आधारे ते पुन्हा आपल्या ताब्यात घेतले आणि फोन बंद करून ठेवला.

मी त्याच्याबरोबर पोलीस ठाण्यात गेलो. काय चोरीस गेले, असे हवालदारांनी विचारताच मुलगा उत्तरला, "अकरा बंदुका." ठाण्यातल्या सगळ्यांनी माना वर केल्या. खुलासा होईपर्यंत मला घाम फुटला होता. खुलासा झाल्यावर हवालदारांनी शांतपणे विचारले, "पण त्या बंदुका मुळात याच्या होत्या काय?"

या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता मी जे वाचले, ते सभासदांच्या घरांत उपयोगी पडेल असे वाटल्यावरून येथे देत आहे. मुलाची व त्याच्या आईची याला संमती आहे.

खेळातल्या नाण्यास खरी किंमत कशी येते, हे आपल्या हैदराबादकरांस समजावयास फारसे कठीण जाऊ नये. आपल्या वडीलधाऱ्यांनी दोन रुपये हाताळले आहेत. एक निजामाचा हाली, दुसरा इंग्रजांचा कलदार. शंभर कलदारांस एकशे सोळा रुपये दहा आणे आठ पै हाली, म्हणजे सहास सात, असा भाव ठरलेला. माझे वडील हा हिशेब बोटांवर करीत. स्टेशनवर गाडीत बसले की हाली निरुपयोगी आणि परत आले की पुन्हा चलनी, असे ते सांगत. नाणे आपल्या मुलखात चालते, बाहेर त्यास भाव लागतो. भाव लागला की सराफ येतो. खेळातही हेच घडले. मुलूख तेवढा संगणकातला.

दूरदूरचे हजारो लोक एकाच वेळी ज्यात वावरतात असे मोठे खेळ गेल्या शतकाच्या अखेरीस सुरू झाले. १९९७ साली 'अल्टिमा ऑनलाइन' निघाला आणि थोड्याच काळात त्यातले सोने व घरे 'ईबे' या लिलावाच्या बाजारात खऱ्या डॉलरांस विकली जाऊ लागली. खेळात राक्षस मारावा तेव्हा नाणी मिळतात, आणि चांगली तलवार हवी तर महिनोन्‌महिने रात्री जागवाव्या लागतात. ज्यास नोकरी आहे त्याच्याजवळ पैसा असतो पण रात्री नसतात; ज्यास नोकरी नाही त्याचे उलट. या दोघांची गाठ पडली, आणि पहिल्याने दुसऱ्याच्या रात्री विकत घेतल्या. साऱ्या व्यापाराचे मूळ एवढेच आहे.

व्यवहाराची रीतही साधी. गिऱ्हाईक पैसे खऱ्या बाजारात भरतो आणि आपल्या खेळातल्या पात्राचे नाव कळवितो. विकणाऱ्याचे पात्र खेळातल्या एखाद्या चौकात त्यास भेटते व नाण्यांची थैली हातात देते. कंपनीच्या वहीत ही दोन पात्रांमधली देणगी दिसते. मोबदला तिच्या वहीबाहेर दिलेला असतो.

एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने २००१ साली 'एव्हरक्वेस्ट' या खेळातल्या नॉराथ नावाच्या काल्पनिक देशाचा ताळेबंद मांडला. लिलावातल्या भावांवरून त्यास आढळले की तेथले एक प्लॅटिनम नाणे अमेरिकेच्या सुमारे एका सेंटास पडते, म्हणजे त्या वेळच्या जपानी येनपेक्षा वा इटलीच्या लिरापेक्षा अधिक. तेथे खेळणाराची कमाई तासास ३.४२ डॉलर, आणि दरडोई उत्पन्न २,२६६ डॉलर निघाले. रशिया व बल्गेरिया यांच्या मधले. जो देश नकाशावर नाही, त्यातला रहिवासी कागदोपत्री आपल्या देशातल्या माणसाहून श्रीमंत ठरला होता.

आता नॉराथच्या तासाला तीन डॉलर मिळतात हे कळल्यावर, ज्या मुलखात दिवसालाही तेवढे मिळत नाहीत तेथला माणूस स्वस्थ बसेल काय? चीनमध्ये याचे कारखाने उभे राहिले. इंग्रजीत त्यास 'सोन्याची शेती' म्हणतात. मला ती शेतीपेक्षा गिरणी वाटते. ज्युलियन डिबेल या पत्रकाराने २००७ साली नानजिंग शहरातल्या अशा एका जागेचे वर्णन न्यूयॉर्क टाइम्सच्या पुरवणीत दिले आहे. एका कामगाराची पाळी रात्री बारा तासांची, आठवड्याचे सातही दिवस. महिन्यातून दोनतीन रात्री सुटी. रात्रभर एकाच जागी तेच तेच शत्रू मारावयाचे व नाणी वेचावयाची. शंभर नाण्यांमागे त्यास १० युआन, म्हणजे तेव्हाचे सव्वा डॉलर. तासाची मजुरी ३० सेंट. मालक तीच शंभर नाणी तीन डॉलरांस वा थोड्या अधिकास दलालास देई, आणि दलाल अमेरिकेतल्या वा युरोपातल्या गिऱ्हाइकाकडून वीस डॉलरपर्यंत घेई. वीसांत सव्वा. जुन्या हिशेबाने रुपयात एक आणा. बाकीचे पंधरा आणे ज्यांनी राक्षस पाहिलादेखील नाही त्यांचे. शिवाय खेळात हे कामगार ओळखू आले की इतर खेळाडू त्यांना हेरून ठार मारीत. खेळातलेच मरण, पण मजुरी खरी बुडे.

पुढे व्हेनेझुएलाचा बोलिव्हार कोसळला, तेव्हा तेथली तरुण मुले 'ओल्ड स्कूल रूनस्केप' या खेळातले सोने वेचून विकू लागली. सरकारच्या नोटेपेक्षा त्यांना खेळातले नाणे अधिक भरवशाचे वाटले. हे वाचून मी काही वेळ वही मिटून बसलो होतो.

कंपन्यांना हा व्यापार बहुधा नकोसा असतो, आणि त्याचे कारण केवळ हेवा नव्हे. खेळात प्रत्येक मेलेल्या राक्षसाबरोबर नवे नाणे शून्यातून पाडले जाते. आमच्या सैफाबादच्या टांकसाळीस धातू तरी लागे. हत्यारांची दुरुस्ती, बाजाराची पट्टी अशा वाटांनी कंपनी नाणी परत शोषून घेते आणि तोल राखते. हजारो मजूर किंवा यांत्रिक खेळाडू अहोरात्र नाणी पाडू लागले की महागाई होते व सरळपणे खेळणाऱ्या मुलास साधी ढालही परवडेनाशी होते. त्यात चोरीच्या क्रेडिट कार्डांवर खरेदी करणारे येतात. २००७ च्या जानेवारीत 'ईबे'ने असल्या मालाचे बहुतेक लिलाव बंद केले. बाजार अर्थातच संपला नाही, गल्लीबोळांत गेला.

एका मोठ्या कंपनीने मात्र उलटा डाव खेळून पाहिला. 'ब्लिझर्ड'ने आपल्या 'डायब्लो ३' या खेळात जून २०१२ मध्ये स्वतःच खऱ्या पैशांची लिलावपेठ उघडली. एका शस्त्राची किंमत जास्तीत जास्त २५० डॉलर, आणि विक्रीमागे एक डॉलर अडत कंपनीची. चोरबाजारास आळा बसेल अशी अटकळ होती. घडले असे, की लोक राक्षस मारून तलवार मिळविण्याऐवजी पेठेत बसून भाव न्याहाळू लागले, आणि खेळाचा जीवच गेला. १८ मार्च २०१४ रोजी ती पेठ बंद करण्यात आली.

तलवारीने निदान शत्रू तरी मरतो. 'काउंटर-स्ट्राइक'मध्ये २०१३ पासून जे विकले जाते, ते बंदुकीवरचे नुसते रंगकाम आहे. त्यास 'स्किन' म्हणतात. नेम त्याने तसूभरही सुधारत नाही. पेटी मिळते, ती उघडण्याची किल्ली २.४९ डॉलरांस, आत काय निघेल ते नशिबावर. दुर्मीळ सुरा निघाला तर हजारो डॉलर. ही सोडत नव्हे तर काय? कंपनीच्या बाजारात विक्रीवर सुमारे १५ टक्के अडत जाते, आणि उरलेले पैसे तिच्याच पाकिटात राहतात, बँकेत काढता येत नाहीत. म्हणून रोख पैशासाठी बाहेरचे बाजार निघाले, आणि त्यांच्या शेजारी स्किन पणास लावण्याचे जुगारअड्डे. २०१९ साली कंपनीनेच सांगितले, की किल्ल्यांचा जो फेरव्यापार चालतो तो जवळजवळ सारा लबाडीच्या पैशाचा आहे, आणि नव्या किल्ल्यांची फेरविक्री रोखली. पुढे ऑक्टोबर २०२५ मध्ये तिने एक नियम बदलला. पाच तांबड्या दर्जाच्या स्किन देऊन सुरा मिळविता येऊ लागला, आणि ज्यांनी सुरे ठेव म्हणून जपले होते त्यांच्या ठेवीचा भाव एका रात्रीत कोसळला. कोणाची परवानगी लागली नाही, नुकसानभरपाईचा प्रश्न उद्भवला नाही.

येथे हवालदारांच्या प्रश्नाकडे येतो. खेळ सुरू करताना आपण न वाचता ज्या करारास 'मान्य' म्हणतो, त्यात प्रायः प्रत्येक मोठी कंपनी लिहून ठेवते की खात्यातली कोणतीही वस्तू खेळाडूच्या मालकीची नाही. ती वापरण्याची केवळ परवानगी आहे, आणि खाते विकले तर परवानगी रद्द. ती बंदूक म्हणजे कंपनीच्या वहीतली एक ओळ. वही तिची, लेखणी तिची.

न्यायालयांनी यावर एकमत दाखविलेले नाही. शांघायमध्ये एका खेळाडूने आपली खेळातली तलवार मित्रास वापरण्यास दिली. मित्राने ती ७,२०० युआनला परस्पर विकली. पोलिसांनी सांगितले की असल्या मालमत्तेस कायद्याचे संरक्षण नाही. २००५ साली त्या खेळाडूने मित्राचा खून केला. नेदरलँड्समध्ये दोघा मुलांनी तेरा वर्षांच्या मुलास मारहाण करून, सुरा दाखवून, 'रूनस्केप'मधला त्याचा ताईत व मुखवटा आपल्या नावे करून घेतला. तेथल्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये ही चोरीच ठरविली. ज्या वस्तूसाठी मुलाने वेळ व कष्ट वेचले आणि जी त्याच्या ताब्यातून गेली, ती वस्तू नव्हे असे म्हणता येत नाही, असा निर्णय दिला. मला हा निर्णय न्याय्य वाटतो. परंतु तो चोराविरुद्ध आहे, कंपनीविरुद्ध नव्हे. आपल्या संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांस मनाई करणारा कायदा संमत केला. त्यात पणाच्या व्याख्येत पैसे देऊन घेतलेली आभासी नाणी व वस्तूही धरल्या आहेत. तेव्हा स्किन पणास लावली म्हणजे पैसा लावला नाही, ही मुलांची समजूत दूर करावी.

हाली रुपयाचे काय झाले, ते सांगावयाचे राहिले. १९५९ साली तो चलनातून गेला. पण मागे सरकार होते, आणि सात हालीस सहा या हिशेबाने लोकांस बदलून मिळाले. वडिलांनी डब्यातले शेवटचे हाली असेच बदलून आणल्याचे घरात सांगत. १५ डिसेंबर २०११ रोजी 'स्टार वॉर्स गॅलक्सीज' हा आठ वर्षे चाललेला खेळ बंद झाला, तेव्हा त्यातल्या नाण्यांस सहास सात सोडाच, शंभरास एकही भाव उरला नाही.

सभासदांच्या माहितीसाठी एक व्यवहाराची गोष्ट. पैसे फसवणुकीने गेले तर १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर त्याच घटकेस कळवावे. रक्कम पुढच्या खात्यात जाण्यापूर्वी थोपविता येण्याचा संभव असतो. आमच्या मुलाने लाजेपोटी दोन महिने दवडले. तोवर ती रक्कम तीन खात्यांतून पुढे गेली होती.

कार्यकारिणीत या विषयावर तासभर चर्चा झाली. साहाय्य कायमचे बंद करावे, असे एका सभासदांचे म्हणणे पडले. रक्कम बुडीत धरावी, असे दुसऱ्यांनी सुचविले. मुलगा बाहेर बाकावर बसला होता. त्यास आत बोलावले, तेव्हा त्याने सांगितले की आपण शेजारच्या दोन मुलांची गणिताची शिकवणी धरली आहे, महिना पाचशे देऊ. बुडीत खात्याचा ठराव मागे घेण्यात आला. पुस्तके मी माझ्या एका जुन्या सहकाऱ्याकडून उसनी मिळवून दिली. मार्चअखेरच्या ताळेबंदात 'येणे' या सदरात ३,५०० रुपये दिसतात, ते हेच. पाच हप्ते वेळेवर आले आहेत.