इंग्रजी वैद्यकीय संज्ञा आणि उर्दूभाषक रुग्ण

परिभाषेचा विचार आपल्याकडे बहुधा कोशकाराच्या बाजूने होत आला आहे. मूळ संज्ञेला प्रतिशब्द सापडला आणि समितीने तो मान्य केला, की प्रश्न सुटला असे आपण धरून चालतो. वैद्यकाच्या क्षेत्रात मात्र संज्ञेचा अखेरचा ग्राहक विद्यार्थी नसून रुग्ण असतो, आणि ती त्याच्यापर्यंत पोहोचली की नाही याची परीक्षा औषधाच्या मात्रेत व शस्त्रक्रियेच्या संमतीत होते. या दृष्टीने उर्दूचे उदाहरण अभ्यासण्यासारखे आहे. कारण आधुनिक वैद्यकाचे उच्च शिक्षण प्रत्यक्ष ज्या मोजक्या भारतीय भाषांतून दिले गेले, त्यांत उर्दूचा समावेश होतो.

हा प्रयोग आपल्या शेजारीच झाला. हैदराबाद संस्थानात १९१७ मध्ये भाषांतर विभाग, म्हणजे ‘दारुत्तर्जुमा’, स्थापन झाला व पुढच्याच वर्षी उस्मानिया विद्यापीठ अस्तित्वात आले. विभागाचे पहिले प्रमुख मौलवी अब्दुल हक हे होत. त्यांच्या अंजुमन तरक्की-ए-उर्दू या संस्थेचा कारभार १९३८ मध्ये दिल्लीस जाईपर्यंत औरंगाबादेहून चाले, ही गोष्ट मराठवाड्यातील वाचकांना ठाऊक असेलच. परिभाषा कोणत्या द्रव्यातून घडवावी यावर तेथे मोठा वाद झाला. वहीदुद्दीन सलीम यांनी ‘वझ-ए-इस्तिलाहात’ (१९२१) या ग्रंथात उर्दूच्या स्वतःच्या घडणीला अनुसरून शब्द बनवावेत असा आग्रह धरला. प्रत्यक्षात अरबी धातूंकडे जाण्याची प्रवृत्ती प्रबळ ठरली. १९४८ नंतर माध्यम बदलले, आणि विद्यार्थ्यांच्या मुखातून उतरलेली ही परिभाषा ग्रंथालयात जाऊन बसली.

परिणाम असा, की आज उर्दूभाषक रुग्णासमोर एकाच व्याधीची तीन नावे उभी राहतात: एक इंग्रजी, दुसरे ग्रंथांतले आणि तिसरे घरातले. मधुमेहाला ग्रंथांत ‘झियाबेतस’ म्हणतात. हा शब्द ग्रीकातून अरबीमार्गे आलेला, म्हणजे इंग्रजी शब्दाचाच सख्खा भाऊ. घरात मात्र ‘शुगर’ हेच नाव चालते. ते परके म्हणून नाक मुरडण्याचे कारण नाही. खरी अडचण अर्थाची आहे. ‘शुगर’ हे व्याधीचेही नाव झाले आणि रक्तात मोजल्या जाणाऱ्या साखरेचेही. ‘शुगर ठीक है’ असे चिकित्सकाने सांगितले, तर त्याच्या मनात आजच्या तपासणीचा आकडा असतो. ऐकणाऱ्याला व्याधी गेल्यासारखे वाटून तो औषध थांबवू शकतो. ‘बीपी’ची गोष्ट अशीच. ‘मुझे बीपी है’ या वाक्यात दाब वाढलेला असणे गृहीत असते, म्हणून दाब उतरलेल्या रुग्णाला तेच अक्षर ऐकविले की विपरीत बोध होतो. ‘फिशार-ए-खून’ हा ग्रांथिक शब्द येथे निःसंदिग्ध आहे, परंतु तो बोलतो कोण?

याहून सूक्ष्म प्रश्न ओळखीच्या शब्दांचा. अनोळखी शब्द ऐकून रुग्ण निदान अर्थ तरी विचारतो. ओळखीच्या शब्दाने फसला तर तो विचारीतच नाही. इंग्रजीत दीर्घकाळ रेंगाळणाऱ्या व्याधीला ‘क्रॉनिक’ म्हणतात. युनानी परंपरेत तिला ‘मुझमिन’ हा नेमका शब्द आहे. त्याचा धातू काळवाचक ‘जमान’ शब्दाचाच, ज्यातून आपला ‘जमाना’ आला. सामान्य रुग्णासाठी दुभाषी तो टाळून ‘गुर्दे की पुरानी बीमारी’ असे सोपे करतो. आता ‘पुरानी’ म्हणजे पूर्वीपासून चालत आलेली की पूर्वी होऊन गेलेली, हे वाक्य सांगत नाही. ‘अ‍ॅक्यूट’चेही असेच. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ टोकदार, आणि अरबी ‘हाद’चाही तीक्ष्ण. दोन्ही परंपरांनी एकच रूपक निवडले, पण वैद्यकात अभिप्रेत असलेली अचानक उद्भवण्याची व अल्पकाळ टिकण्याची छटा त्यातून आपोआप निघत नाही. दुष्ट अर्बुदाला अरबीत ‘खबीस’ म्हणतात. लॅटिनमूलक ‘मॅलिग्नंट’चा अर्थही दुष्टच, पण उर्दू बोलीत ‘खबीस’ ही माणसाला द्यावयाची शिवी आहे, हे विसरून तो शब्द रुग्णशय्येपाशी वापरता येईल काय? तपासणी ‘पॉझिटिव्ह’ आली याचे ‘मुस्बत’ हे भाषांतर शब्दशः बिनचूक आहे. तथापि दोन्ही भाषांत त्याला चांगल्याचा वास आहे, आणि रोगजंतू सापडले ही वार्ता चांगली नव्हे.

शेजारधर्मामुळे मराठी-उर्दू सीमेवर आणखी एक सापळा तयार झाला आहे. ‘लकवा’ हा अरबी शब्द मराठीत पक्षघात या व्यापक अर्थी रुळला. उर्दूत मात्र ‘लकवा’ म्हणजे केवळ चेहऱ्याचा वात, आणि अर्धांगाला ‘फालिज’. मराठी परिचारिका आणि दखनी बोलणारी वृद्धा यांच्यात हा एक शब्द दोघींनाही कळतो, आणि दोघींना वेगवेगळा कळतो. ‘मिजास’ची कथा सर्वांस परिचित आहे: ‘मिझाज’ म्हणजे देहप्रकृती, मराठीत तो ताठा झाला. प्रकृतीच्या या जुन्या कल्पनेचे अवशेष उर्दूभाषकांच्या बोलण्यात जिवंत आहेत. औषध ‘गरम’ पडते ही तक्रार चार दोषांच्या युनानी सिद्धांतातून आलेली आहे, आणि आपल्याकडील ‘उष्ण पडते’ या तक्रारीची ती बहीण शोभते. ती अज्ञान म्हणून उडवून लावणारा चिकित्सक, रुग्ण औषध का सोडतो हे समजण्याचा एक मार्ग बंद करतो.

लिपीचा मुद्दा थोडक्यात. उर्दू लिपीत ऱ्हस्व स्वर बहुधा लिहिले जात नाहीत. अभ्यस्त शब्द संदर्भाने वाचता येतो. इंग्रजी शब्द अनोळखी असल्याने संदर्भाचा आधार तुटतो. ‘ब्लड’ आणि ‘बिल्ड’ स्वरचिन्हांवाचून एकाच आकृतीत उतरतात. औषधाच्या नावांबाबत ही संदिग्धता परवडणारी नाही, म्हणून छापील सूचनापत्रांत तरी स्वरचिन्हे देणे अगत्याचे आहे.

मग करावे काय? माझ्या मते येथे प्रतिशब्दापेक्षा विवरणाला अग्रमान द्यावा. सलीम यांचा आग्रह पाठ्यपुस्तकाच्या बाबतीत कितपत योग्य होता हा स्वतंत्र प्रश्न आहे; रुग्णशय्येपाशी मात्र तो निःसंशय योग्य वाटतो. इंग्रजी नाव तसेच ठेवावे, कारण तेच औषधपत्रावर व अहवालावर असणार. त्यापुढे एक क्रियापदयुक्त साधे वाक्य जोडावे. ‘गुर्दे की पुरानी बीमारी’ऐवजी ‘आपके गुर्दे धीरे-धीरे कमजोर हो रहे हैं और यह बीमारी साथ रहेगी’ असे म्हटले की काळ व गती दोन्ही स्पष्ट होतात. नामाने जे झाकले जाते ते क्रियापद उघडे करते. अर्थात अशा वाक्याला वेळ लागतो, आणि बाह्यरुग्ण विभागातील रांग पाहता चिकित्सकाजवळ तोच नसतो. म्हणून ही वाक्ये आधीच तयार करून, त्या त्या गावच्या उर्दूभाषकांकडून पारखून घ्यावी लागतील. हैदराबादचा रुग्ण ‘नक्को’ म्हणतो आणि लखनौचा म्हणत नाही, एवढी जाण ठेवूनच ती लिहावी लागतील. रुग्णाला ‘समझ गये?’ असे विचारून भागत नाही. आदराच्या संकेताप्रमाणे त्याचे उत्तर ‘जी हाँ’ हेच येते. ऐकलेली गोष्ट त्याने आपल्या शब्दांत परत सांगावी, अशी विनंती त्याला करावी लागते.