रामेनचा वाडगा आणि दुसरी विक्री: महाग माल एकदा, स्वस्त माल पुन्हा



आज थेट जपानला जाऊया. फुकुओका शहर, नूडल्सचं छोटं दुकान. बऱ्याच दुकानांत दारातच तिकिटाचं मशीन असतं. पैसे टाका, बटण दाबा, तिकीट घेऊन काउंटरवर बसा. म्हणजे गल्ला आधी, जेवण नंतर! आत तुम्हाला एकच प्रश्न विचारतात: नूडल्स किती कडक हव्यात? 'काता' म्हणजे कडक, 'बारीकाता' म्हणजे एकदम कडक.

थोड्याच वेळात वाडगा समोर येतो. दुधासारखा पांढरट, दाट रस्सा, वर डुकराच्या मांसाचे काप आणि कांद्याची पात. हे टोन्कोत्सु रामेन. टोन्कोत्सु म्हणजे डुकराची हाडं. ती तासन्‌तास खळखळ उकळतात. हाडांतला चिकटपणा सुटतो, चरबी पाण्यात एकजीव होते आणि रस्सा पांढरा होतो. खाताना ओठ चक्क चिकटतात!

आता धंद्याच्या नजरेने बघा. या वाडग्यात खर्च कुठे झाला? मुख्यतः रश्श्यात. हाडं, गॅस, तासन्‌तासांची मेहनत.

नूडल्स मात्र बारीक, मिनिटाभरात शिजणाऱ्या. पण गरम रश्श्यात त्या लगेच मऊ पडतात. म्हणून पहिल्यांदा कमीच वाढतात. तुम्ही त्या झटपट संपवायच्या, रस्सा राखून ठेवायचा आणि म्हणायचं, "काएदामा!" की नूडल्सचा दुसरा गोळा त्याच रश्श्यात पडतो. त्याचे पैसे वेगळे, पण मूळ वाडग्यापेक्षा खूपच कमी.

ही पद्धत फुकुओकाच्या नागाहामा भागातली, मासळी बाजाराजवळची. तिथल्या कामगारांना वेळ नसायचा, भूक मात्र मोठी. दुकानदारांनी ही अडचण ओळखली.

यातून तीन गोष्टी शिका

1. महाग माल एकदाच दिला, स्वस्त माल पुन्हा विकला. दुसऱ्या विक्रीला नवा रस्सा लागत नाही.
2. किती खायचं ते गिऱ्हाईक ठरवतं. अन्न वाया जात नाही.
3. भाव न वाढवता बिल वाढतं. जपानमध्ये 'हजार येनची भिंत' म्हणतात. साध्या रामेनला 1000 येनपेक्षा जास्त मोजायला लोक कचरतात. खर्च वाढला तरी भाव वाढवताना दुकानदाराचा हात थरथरतो. हे दुखणं तुमच्याही ओळखीचं आहे ना?

आता आपली मिसळ घ्या. कित्येक ठिकाणी जादा पावाचे पैसे लावतात आणि रस्सा हवा तितका फुकट देतात. बरोबर उलटं! ते चूकच आहे असं नाही; रश्श्यासाठीच गर्दी होत असेल तर जरूर द्या. पण फुकटच्या प्रत्येक वाटीचा खर्च तुम्ही कधी काढलाय का?

आंधळी नक्कल मात्र नको. काएदामा चालतो तो नूडल्स बारीक आणि झटपट शिजणाऱ्या आहेत म्हणून. अर्धी प्लेट देऊन वर पैसे मागितलेत, तर गिऱ्हाईक परत फिरकणार नाही.

आजचा गृहपाठ: वही घ्या. तुमच्या प्लेटमधली सगळ्यात महाग गोष्ट लिहा, सगळ्यात स्वस्त गोष्ट लिहा. मग बघा, तुम्ही फुकट काय देताय आणि विकताय काय. उत्तर पाहून कदाचित तुम्हीच दचकाल!