काठी कोणत्या हातात?

माझी आई न्हाणीघरात घसरली आणि तिच्या उजव्या खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, काही आठवडे वॉकर झाला, मग डॉक्टरांनी काठी घ्यायला सांगितलं. आईनं ती उजव्या हातात घेतली. दुखरा पाय उजवा, मग आधारही उजवीकडं. आम्हा कोणालाच त्यात काही वावगं दिसलं नाही. पंधरा दिवस ती तशीच हेलकावे खात चालली. मग व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी काठी तिच्या डाव्या हातात दिली.

"अहो बाई, दुखतोय तो पाय इकडचा!"

"म्हणूनच काठी तिकडं, आजी."

आता तुम्ही म्हणाल, हा काय उफराटा न्याय? तर त्याचं असं आहे. चालताना प्रत्येक पावलाला क्षणभर आपण एकाच पायावर उभे असतो. शरीराचं वजन असतं मध्यावर आणि खुब्याचा सांधा बाजूला. कंबर कलंडू नये म्हणून खुब्याच्या बाहेरच्या अंगाचे स्नायू तिला ओढून धरतात. एक दांडी लांब आणि दुसरी आखूड असलेला तराजू डोळ्यांसमोर आणा. स्नायूंच्या वाट्याला आखूड दांडी येते. त्यामुळं त्यांना वजनाच्या जवळपास दुप्पट ओढ लावावी लागते. वजन आणि ओढ, दोन्हींचा दाब त्या एका सांध्यावर. ६० किलोच्या माणसाच्या खुब्यावर पावलागणिक १५० किलो किंवा त्याहूनही जास्त भार पडतो तो असा.

काठी दुसऱ्या हातात असली की ती सांध्यापासून लांब टेकते. तिथं दिलेला थोडा रेटाही कंबर सावरतो आणि स्नायूंचं काम पुष्कळ हलकं होतं. दुखऱ्या बाजूलाच धरली तर हा फायदा जातो, वर माणूस त्याच पायावर झुकतो. वॉल्टर ब्लाउंट या अमेरिकन अस्थिशल्यविशारदांनी हे गणित १९५६ साली मांडलं. लेखाचं नावच होतं, 'काठी फेकून देऊ नका'. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतरही काठी दुसऱ्याच हातात. ती आणि दुखरा पाय बरोबरीनं पुढं टाकायचा, मग चांगला पाय.

आईची काठी होती आजोबांची, तिच्या मानानं उंच. त्यामुळं तिचा खांदा सतत वर उचललेला. चप्पल घालून ताठ उभं राहावं, हात मोकळा सोडावा. मनगटाची घडी जिथं येते तिथं मूठ हवी. शेवटी आम्ही काठी कापून आणली. खालचं रबर झिजून गुळगुळीत झालं होतं, तेही बदललं. ओल्या फरशीवर सारी भिस्त त्या रबरावरच असते.

जिना चढताना आधी चांगला पाय, मग दुखरा पाय आणि काठी. उतरताना आधी काठी आणि दुखरा पाय, मग चांगला. मोकळा हात कठड्यावर. वॉकर घेऊन जिना चढायचा नाही, आणि खुर्चीतून उठताना त्याला धरून ओढायचंही नाही. तो अंगावर येतो. हातांनी खुर्चीला रेटा देऊन उठावं. पायावर भार किती द्यायचा, वॉकर कधी सोडायचा, हे मात्र ज्यांनी शस्त्रक्रिया केली त्यांनाच विचारा. शेजाऱ्यांचा अनुभव इथं कामाचा नाही.

आई आता डाव्या हातात काठी घेऊन कोपऱ्यावरच्या देवळापर्यंत जाऊन येते. पाहुणे आले की मात्र काठी दारामागं जाते आणि ती भिंतीला धरून चहा करायला उठते. मी काठी काढून पुन्हा तिच्या डाव्या हातात देतो.